भिंत पाडली, पण उजेड आला का? जुन्या फ्लॅटच्या नूतनीकरणाचे अनुभव

जुने फ्लॅट बांधणाऱ्यांना खोल्या मोजायची हौस असावी. मधोमध लांबट बोळ, दोन्ही बाजूंना दारं आणि टोकाच्या खोलीतला उजेड त्याच खोलीत संपलेला. असा फ्लॅट कुणी मोकळा, उजेडाचा करून घेतला असेल तर इथे लिहा. काम व्हायच्या आधीचे आणि नंतरचे फोटो सगळीकडे दिसतात, मला मधलं ऐकायचंय: काय पाडलं, काय पाडू दिलं नाही आणि राहायला गेल्यावर काय जाणवलं.

सुरुवात मीच करते. आमच्या बैठकीच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात अर्ध्या विटेची, साडेचार इंची भिंत होती. ठेकेदार म्हणाला, "ही नुसती पार्टिशन आहे, उद्या काढून टाकतो." आम्ही त्याला थांबवून आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलावलं. त्यांनी मूळ नकाशे मागवले, बीम कुठून कुठे जातात ते पाहिलं आणि मग हो म्हटलं. भिंत गेली, बीम मात्र छताखाली राहिला. तो झाकायला सगळीकडे फॉल्स सीलिंग करा असा फार आग्रह झाला. आम्ही ऐकलं नाही. खिडकीची वरची कड जितकी उंच, तितका उजेड आत जातो, ढोबळमानाने त्या उंचीच्या दीड ते अडीच पट. छत उतरवून खिडकीचा माथाच झाकायचा, तर भिंत पाडायचा खटाटोप कशाला? बीमला छताचाच पांढरा रंग दिला. पाहुण्यांच्या आधी सुताराच्या लक्षात येतो, इतकंच.

⁂

आमची इमारत याहून जुनी, लोड-बेअरिंग. कॉलम नाहीत, सगळा भार जाड भिंतींवर. इथे 'ओपन प्लॅन' हा शब्द काढला की इंजिनीअर आधी बसून घेतात! भिंत पूर्ण काढायला लोखंडी गर्डर, तो बसेपर्यंत स्लॅबला टेकू, गर्डरच्या दोन्ही टोकांखाली भार पेलणारे पक्के आधार आणि खालच्या मजल्यावरच्यांची झोपमोड, एवढं सगळं लागतं. आम्ही मधला मार्ग काढला. गर्डर टाकून भिंतीत एकच रुंद मोकळी चौकट केली, दोन्ही बाजूंना भिंतीचे तुकडे राखले. बोळाकडच्या खोल्यांची दारं तीच ठेवली आणि त्यांच्यावर पूर्वी लाकडी फळ्या ठोकून बंद केलेली झडपं होती, त्यांत काच बसवली. खरं सांगू? बोळ उजळला तो त्या झडपांमुळे. चौकटीचं कौतुक होतं, पण दिवसा बोळातला दिवा लावावा लागत नाही ही करामत काचेची आहे.

⁂

वरच्या प्रतिसादातल्या काचेवरून सांगते. आम्ही अभ्यासिकेला पूर्ण काचेची भिंत केली. टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. त्यामुळे लादी बसून गिलावा पूर्ण झाल्याशिवाय माप घेऊ देऊ नका. आमच्या काचवाल्याने घाईत जुन्या फरशीवरून माप नेलं, नवी लादी जाड निघाली आणि काच उभीच राहीना. नवी काच त्याने स्वखर्चाने आणली, पण काम खोळंबलं ते खोळंबलंच.

⁂

भाड्याचं घर, पाडायला काहीच परवानगी नाही. तरी फरक पडला. रंगाच्या कार्डावर कधीकधी एलआरव्ही हा आकडा असतो, म्हणजे तो रंग किती उजेड परत फेकतो ते, 0 ते 100 च्या मोजपट्टीवर. छताला 80 च्या वरचा पांढरा, भिंतींना त्याच्या जवळपासचे रंग. पडद्याची दांडी खिडकीहून दोन्हीकडे बरीच लांब घेतली, म्हणजे पडदे उघडले की काचेवर येत नाहीत. आणि खिडकीसमोरचं कपाट हलवलं. या शेवटच्या कामाला पैसे लागत नाहीत, तरी ते लोक शेवटीच करतात.

जुन्या रंगाचे थर कोरडे घासू नका, एवढं एक सांगते. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. ओलं करून खरवडा, मुलांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवा.

⁂

मी स्थापत्य अभियंता आहे, म्हणून बाल्कनीबद्दल थोडं. खोली मोठी करायला बाल्कनी आत घेताना लोक दोन गोष्टी करतात आणि दोन्ही धोक्याच्या. पहिली, खोलीच्या पातळीला आणायला बाल्कनीत भराव टाकणं. सिमेंटचा 5 सेंटिमीटर थर म्हणजे दर चौरस मीटरला साधारण 100 किलो जादा वजन, लादी वेगळी. दुसरी, जुनी लादी काढताना स्लॅब वरून फोडणं. अधांतरी पुढे आलेल्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या अंगाला असते, तिलाच छिन्नी लागते. पायरीएवढा फरक राहू द्या. तुमच्याकडे नियमानुसार बाल्कनी बंद करता येते का, हेही आधी विचारा.

⁂

उजेड आला, आवाजही आला. मिक्सर, टीव्ही, फोन, सगळं एकाच खोलीत. गुळगुळीत लादी, काच, रिकाम्या भिंती: आवाज आदळत राहतो. जाड गालिचा, पुस्तकांनी भरलेलं उघडं कपाट आणि कापडी पडदे आल्यावर बोलणं ऐकू यायला लागलं.

⁂

माझं मत इथल्या बहुमताविरुद्ध आहे, पण विचारलंयत म्हणून लिहितो. मुलाने सगळ्या भिंती काढल्या. घर सुंदर दिसतं, नाही म्हणत नाही. पण मला दुपारी दार लावून पडायची सवय आणि आता दारच नाही. रागवायचं असलं तरी चौघांसमोर! शेवटी सुताराकडून सरकती जाळीदार पार्टिशनं करून घेतली. उजेड येतो, माणसं दिसत नाहीत. सुनेलाही ती आवडली, कारण ऑफिसचे कॉल तिलाही घ्यायचे असतात.

⁂

सिंक खिडकीखालून मधल्या ओट्यावर आणायचं होतं. प्लंबरने आधी शाफ्ट दाखवला, म्हणजे इमारतीचे उभे पाइप जातात ती जागा. सांडपाण्याच्या पाइपला उतार लागतो, 40 ला 1 धरा, म्हणजे चार मीटर लांब नेलं की 10 सेंटिमीटर खोली हवी. लादीखाली तेवढी जागा नव्हती. सिंक शाफ्टजवळच राहिलं, मधल्या ओट्यावर फक्त चिरणं-वाढणं. पाडलेल्या भिंतीतले स्विचबोर्ड कुठे जाणार, हेही भिंत पाडायच्या आधी कागदावर काढा. आम्ही त्याच वेळी जुनी वायरिंग काढून नवीन घातली आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, म्हणजे विजेची गळती झाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच.

⁂

दिवसाबद्दल सगळे बोलले, रात्रीचं राहिलं. मोकळ्या जागेत मधोमध एकच प्रखर दिवा लावला की कोपरे काळे पडतात. आमच्याकडे बसायच्या भागात 2700 केल्विनचे (पिवळसर उजेड; आकडा वाढतो तसा उजेड पांढरा, मग निळसर), ओट्यावर 4000 चे, दोन्ही सीआरआय 90 च्या वरचे, म्हणजे वस्तूंचे रंग खरे दिसतात, आणि प्रत्येक भागाला वेगळं बटण. 6500 चे आधीचे सगळे दिवे आता कपाटांच्या आत लावलेत, तिथे ते छान काम करतात. कुणी पश्चिमेच्या खिडकीला काय केलंय? संध्याकाळी टीव्हीवर ऊन येतं आणि पडदा लावला की पुन्हा अंधार.