‘साहेबांशी माझं बोलणं झालंय’

आमच्या संचालकांच्या केबिनची काच दुधी आहे, आत कोण बसलंय ते बाहेरून दिसत नाही. पण साडेअकराला शिपाई ट्रेमध्ये दोन कप घेऊन आत गेला की मला कळायचं, ‘तो’ आत आहे.

मी पुण्यात एका मध्यम कंपनीत पर्चेस बघते. हाताखाली 7 जण. त्यातला हा एक. तिशीच्या आतला, हुशार, कामाला वाघ. पण कुठलीही गोष्ट माझ्याकडे यायच्या आधी वर पोचलेली. रजा हवी, वर. सप्लायर बदलायचाय, वर. मी काही विचारलं की ठरलेलं उत्तर: “मॅडम, साहेबांशी माझं बोलणं झालंय.” यावर काय बोलणार? नाही म्हणावं तर साहेबांना नाही म्हटल्यासारखं, हो म्हणावं तर मी इथे नुसती सहीपुरती. खोक्यांचा सप्लायर बदलल्याचं मला मासिक आढाव्यात कळलं, तेही स्टोअरच्या माणसाकडून.

आधी मी सगळे चुकीचे उपाय करून पाहिले. टोमणे मारले. टीमसमोर झापलं, त्या दिवशी तो कॅन्टीनमध्ये हिरो झाला. ‘कोणताही विषय आधी माझ्याकडे आणावा’ अशी सगळ्यांना मेल टाकली. ती ज्याच्यासाठी होती तो सोडून बाकी सहाही जणांनी मनाला लावून घेतली. शेवटी साहेबांकडेच गेले. तक्रार नाही केली. म्हटलं, “तो आला की एकच विचारा, मॅडमना सांगितलंस का? नसेल तर परत पाठवा.” साहेब म्हणाले, “अहो, माझं दार सगळ्यांना उघडं असतं.” म्हटलं, “दार उघडंच असू दे. निर्णय तेवढा आतून देऊ नका.” दोन आठवडे पाळलं. तिसऱ्या आठवड्यात परत दोन कप.

माझं मत असं झालंय की कुणी एकटा उडी मारून वर जात नाही, वरून कुणीतरी हात दिलेला असतो. तुमच्याकडे काय झालं ते लिहा. ज्यांना ओलांडलं त्यांनी लिहा, ज्यांनी ओलांडलं त्यांनीही. वर बसून ऐकून घेणाऱ्यांनी लिहिलं तर फारच छान. कंपनीचं किंवा माणसाचं नाव नको.

शिफ्ट इन्चार्ज, चाकण

आमच्याकडे वर जावं लागतच नाही, वरचाच खाली येतो. प्लांट हेड सकाळी राऊंड मारतात. माझ्या लाईनला सीएनसीवरचा एक ऑपरेटर आहे, साहेब आले की हात पुसत पुढे. “काय रे, काय म्हणतंय मशीन?” की झालं सुरू. कूलंटला वास येतोय, इन्सर्ट, म्हणजे कापायची पाती, मिळत नाहीत, जुन्यावरच रेटायला लावतात. नऊच्या मीटिंगला माझी हजेरी ठरलेली. “तुझ्या लाईनला इन्सर्ट नाहीत आणि तू मला सांगत नाहीस?”

खरं म्हणजे इन्सर्टची मागणी मी 11 दिवसांपूर्वी टाकली होती, स्टोअरला अडकली होती. पण तिथे उभं राहून ‘मी टाकली होती’ म्हणणं शाळेतल्या पोरासारखं वाटतं. आणि पोरगं खोटंही बोललं नव्हतं! मी मागणी टाकली हे त्याला सांगितलंच नव्हतं, त्याला वाटलं ह्याला काही पडलेलीच नाही. मग मी लाईनच्या बोर्डावर एक रकाना वाढवला. अडचण काय, कुणी सांगितली, कुठे अडकलीय. मराठीत, खडूने. आता साहेब राऊंडला येतात ते आधी बोर्ड वाचतात आणि पुढचा फोन स्टोअरला जातो. ऑपरेटर अजूनही हात पुसत पुढे येतोच, ती सवय काही जात नाही.

एक सांगतो. टोयोटाच्या लाईनवर कामगाराने दोरी ओढली की लाईन थांबते, हे सगळे कौतुकाने सांगतात. पण दोरी ओढल्यावर पळत येतो तो टीम लीडर, प्लांट हेड नाही. गाडी ठरलेल्या जागेपर्यंत पोचेतो त्याच्याकडून अडचण सुटली नाही तर मग लाईन थांबते. आमच्याकडे ट्रेनिंगमध्ये दोरीच तेवढी शिकवली.

निवृत्त नायब तहसीलदार

आमच्या खात्यात अर्जाच्या डोक्यावरच रस्ता लिहिलेला असायचा. ‘प्रति, मा. जिल्हाधिकारी’ आणि खाली ‘मार्फत : मा. तहसीलदार’. ज्याला घाई तो ‘आगाऊ प्रत सविनय सादर’ असं लिहून एक प्रत थेट वर टाकायचा. म्हणजे ओलांडण्याचीसुद्धा रीतसर पद्धत होती. त्याचं कुणाला वाईट वाटत नसे, कारण ते कागदावर होतं.

त्रास तोंडी चालायचा त्याचा. सेवेच्या बाबतीत राजकीय दबाव आणू नये असं 1979 च्या वर्तणूक नियमांत स्वच्छ लिहिलेलं आहे. तरी एप्रिल-मे आला, बदल्यांचा मोसम सुरू झाला, की कुणाचा फोन कुठून येईल नेम नाही.

माझ्याकडे एक अव्वल कारकून होते. वयाने माझ्याहून मोठे, कामात पक्के. प्रत्येक प्रकरणात त्यांचं एक वाक्य: “प्रांतसाहेबांशी चर्चा झालीय.” मी कधी वाद घातला नाही. टिपणी लिहायचो: ‘प्रस्तुत प्रकरणी मा. उपविभागीय अधिकारी यांच्याशी चर्चा झाली असल्याचे संबंधित अव्वल कारकून यांनी सांगितले. चर्चेतील निर्देश संचिकेवर उपलब्ध नाहीत. तरी लेखी निर्देश व्हावेत, ही विनंती.’ खाली सही, तारीख, आणि संचिका तहसीलदारांमार्फत वर. पहिली संचिका प्रांतांकडून परत आली ती ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ एवढ्याच शेऱ्यासह. दुसरीचंही तेच. तिसऱ्या वेळी अव्वल कारकूनच म्हणाले, “साहेब, हे चर्चेचं राहू द्या, आपण आपलं ठरवू.”

तोंडी आदेश कागदावर आणायचा म्हटला की पातळ होतो. मात्र टिपणीत राग दिसता कामा नये. एक विशेषण जास्त पडलं तर संचिका तुमच्यावरच उलटते.

हिंजवडी, 9 वर्षं आयटीत

ओलांडणारी मी. सगळे ‘तो’च्या तक्रारी सांगताहेत म्हणून दुसरी बाजू लिहिते.

माझ्या मॅनेजरने माझं डॅशबोर्डचं काम क्लायंटसमोर ‘आम्ही केलं’ म्हणून मांडलं, तिथवर ठीक होतं. अप्रेझलच्या फॉर्मवर ‘अजून पुढाकार हवा’ असं लिहून आलं, तेव्हा डोकं फिरलं. त्याच्याशी दोनदा बोलले. दोन्ही वेळा “बघू या, पुढच्या सायकलला.” मग त्याच्या वरच्याला सविस्तर मेल लिहिली. तारखा, कामं, स्क्रीनशॉट. रविवारची अख्खी दुपार गेली.

सोमवारी सकाळी 10 वाजून 40 मिनिटांनी ती मेल जशीच्या तशी माझ्या मॅनेजरला फॉरवर्ड झाली. वर दोन शब्द, ‘प्लीज हँडल’. मी सीसीमध्ये होते.

त्यानंतरचे 7 महिने सांगत नाही. मला कुणी ओरडलं नाही. फक्त मीटिंगांची आमंत्रणं यायची बंद झाली. शेवटी प्रोजेक्ट बदलून घेतला.

धागा काढणाऱ्या ताईंना एक विचारते, राग मानू नका. तुमचा तो वर का जात होता, हे तुम्ही त्याला कधी विचारलंत?

सरकारी रुग्णालय, तेव्हा रजिस्ट्रार

छोटा अनुभव. माझ्या हाताखालच्या हाऊसमनने, म्हणजे ज्युनियर डॉक्टरने, रात्री तीन वाजता थेट युनिट हेडना फोन लावला. सकाळी राऊंडला सरांना पेशंटची सगळी कुंडली माहीत आणि मी तोंड बघत उभा. राऊंड संपल्यावर त्याला जिन्यात गाठून झाप झाप झापलं. तो नुसता मान खाली घालून उभा.

दुपारी मोबाईल बघितला. 2.51, 2.54, 2.58. तीन मिस्ड कॉल. फोन ड्यूटी रूममध्ये चार्जिंगला होता आणि मी कॅज्युअल्टीत.

पेशंट वाचला. सरांनी मला एका शब्दाने विचारलं नाही, ते जास्त लागलं. त्याच संध्याकाळी युनिटमध्ये ठरवून टाकलं: मला दोन फोन, नाही उचलला तर लेक्चरर, नाही तर सर. मध्ये थांबायचं नाही आणि नंतर माफीही मागायची नाही.

साखर कारखाना, शेती विभाग

आमच्यात ऊसतोडीची क्रमपाळी असते. आधी आडसाली, मग पूर्वहंगामी, मग सुरू आणि खोडवा (हे उसाचे प्रकार), लागणीच्या तारखेप्रमाणे तोड. ज्याच्या उसाला तुरा आला, ज्याला रान मोकळं करून गहू पेरायचाय, त्याचा जीव टांगणीला. त्यामुळे गटातल्या चिटबॉयच्या, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या पोराच्या, हातातली चिठ्ठी म्हणजे सोनं.

माझ्या गटाचा चिटबॉय चेअरमनच्या गावचा, त्यातनं भावकीतला. मी प्रोग्राम लावायचा, आणि हा सकाळी टोळी दुसऱ्याच फडात घालून मोकळा. “दादांचा फोन आलावता.” आता फोन खरंच आला का नाही, हे मी दादांना, म्हणजे चेअरमनना, विचारायला जाऊ? एकदा धीर करून गेलो. दादा म्हणाले, “मी कुठं काय म्हणलो? पण त्या म्हाताऱ्याचा ऊस वाळतोय, माणुसकी हाय का नाही?” झालं, म्हणजे मी माणुसकी नसलेला.

वरच्या नायब तहसीलदारांचं टिपणीचं वाचलं, भारी वाटलं. आमच्यात ते चालत नाही हो. टिपणी लिहिली कुणी आणि वाचली कुणी. शेतकरी शिव्या मला घालत होते, कारण वहीवर सही माझी. हंगाम संपल्यावर गट बदलून मागितला, मिळाला. तो पोरगा तिथंच आहे, आता पर्मनंट झाला म्हणे. उपाय विचारू नका, माझ्याकडं नाही.

एचआर

सगळं एकाच पोत्यात घालू नका, एवढंच सांगायला आले. कामाचा रोजचा निर्णय ओलांडून वर नेणं निराळं आणि तक्रार निराळी. लैंगिक छळाची तक्रार मॅनेजरमार्फत न्यायची नसतेच. 2013 च्या कायद्याप्रमाणे 10 किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी आणि तक्रार थेट तिच्याकडे, घटनेपासून 3 महिन्यांच्या आत, लेखी. पैशाच्या गैरव्यवहाराचंही तसंच. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना 2013 च्याच कंपनी कायद्याने वेगळी वाट ठेवावी लागते, आणि गंभीर प्रकरणात लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाता येतं. अशा माणसाला ‘मला विचारल्याशिवाय वर कसा गेलास’ म्हणणारे मॅनेजर मी पाहिलेत. त्यांची बाजू घेणं मला तरी जमलेलं नाही.

बीबीएला शिकवतो

व्यवस्थापनशास्त्रातल्या फेयॉलचं नाव अजून निघालं नाही म्हणून. 1916 साली त्याने अधिकाराची शिडी सांगितली, ती सगळ्यांना पाठ असते. त्याच शिडीला त्याने एक फळी टाकली होती, ते परीक्षेनंतर कुणाला आठवत नाही. दोन खात्यांतल्या समान पातळीच्या माणसांनी शिडी पार वर चढून पलीकडे उतरण्यापेक्षा सरळ एकमेकांशी बोलावं, अट एवढीच की दोघांच्या वरिष्ठांची परवानगी हवी आणि काय ठरलं ते त्यांना कळवावं. गंमत म्हणजे फळी आडवी होती. आपल्याकडे ती उभी करून वापरतात.

नेदरलँड्सहून

इथे माझ्या टीममधली मुलगी माझ्या डायरेक्टरबरोबर कॅन्टीनमध्ये सँडविच खाता खाता माझं प्लॅनिंग कसं चुकलंय ते सांगते. संध्याकाळी मलाही तेच सांगते, त्याच शब्दांत. पहिलं वर्ष माझी झोप उडाली होती. आता कळतं की डायरेक्टर ऐकतो, मान डोलावतो आणि काहीही ठरवत नाही. बाकी इथली सँडविचं आपल्याला काही जमत नाहीत.

धागा काढणारी

हिंजवडीच्या ताई, राग नाही. तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, इतकंच.

विचारलं त्याला. केबिनमध्ये नाही, गेटबाहेरच्या टपरीवर. तो आधी “तसं काही नाही मॅडम” वगैरे म्हणाला. मग म्हणाला, खोक्यांचा तक्ता त्याने मला जानेवारीत दिला होता. चार सप्लायर, जाडी, वजन पेलायची ताकद, भाडं धरून पडणारा दर. मी म्हटलं होतं, “ठेव, बघते.” नंतर एकदा आठवण केली तेव्हा म्हणे मी फोनवर होते आणि हातानेच ‘नंतर’ केलं. ऑफिसात येऊन ड्रॉवर उघडला. तक्ता होता. वर माझाच चहाचा गोल डाग.

म्हणून सगळं माझंच चुकलं असंही नाही हं. रजेसाठी वर जायचं काय कारण होतं, ते त्यालाही सांगता आलं नाही. साहेबांना मात्र आता लेखी कळवलंय की पर्चेसचा निर्णय माझ्या मेलवरून आला नाही तर पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, निघणार नाही. हे नायब तहसीलदारांकडून उचललं, विशेषण एकही न घालता. साहेबांचं उत्तर, ‘ओके’. आणि दर मंगळवारी त्याला अर्धा तास दिलाय, फोन उलटा ठेवून.

परवा शिपाई पुन्हा दोन कप घेऊन आत चालला होता. त्याला म्हटलं, अजून एक आण, आणि दार ढकलून आत जाऊन बसले. साहेबांच्या मुलाला बारावीला कुठला क्लास लावावा यावर चर्चा चालू होती. माझा चहा यायच्या आत ती संपली.