मदत हवी आहे: पुस्तकावर लिहायला बसलं की नुसतं कथानकच उतरतं

शब्दवेल्हाळ:

मंडळी, जरा मदत हवी आहे.

वाचन बऱ्यापैकी आहे आणि वाचलेल्यावर बोलायलाही आवडतं. मैत्रिणीला फोनवर एखादं पुस्तक सांगायला लागले की अर्धा तास कुठे जातो कळत नाही. पण तेच लिहायला बसलं की जे कागदावर येतं ते वाचून माझी मलाच जांभई येते. आधी लेखिका कोण, मग कथानक, मग पात्रं, मग भाषा, आणि शेवटी 'संग्रही असावं असं पुस्तक'. शाळेत निबंधाचे मुद्दे फळ्यावर लिहून द्यायचे ना, अगदी तसं.

काल लिहिलेला एक परिच्छेद नमुना म्हणून देते. कादंबरीचं नाव मुद्दाम गाळलंय, नाहीतर चर्चा तिकडेच जाईल.

"ही दोन बहिणींची कथा आहे. वडिलांच्या निधनानंतर दोघी घर आवरायला एकत्र येतात आणि जुन्या आठवणींना उजाळा मिळतो. लेखिकेने नात्यांमधील ताणतणाव अतिशय समर्थपणे रेखाटले आहेत. भाषा ओघवती असून प्रसंग डोळ्यांसमोर उभे राहतात. शेवट वाचकाला अंतर्मुख करतो."

यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरी वाचून कुणी ते पुस्तक शोधायला उठेल असं वाटत नाही. सुरुवात कुठून करायची, कथानक किती सांगायचं, न आवडलेलं कसं लिहायचं, आणि लांबी किती असावी, यावर जाणकारांनी सांगावं.

निशाचर:

हा परिच्छेद मी आजवर वेगवेगळ्या पुस्तकांखाली कितीदा वाचलाय याची गणती नाही. :) रागावू नका, मीही असंच लिहितो. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

चष्मेबहाद्दर:

निशाचर गमतीत बोलले, पण दुखणं तेच आहे. एक करून बघा. परिच्छेदात बहिणींच्या जागी भाऊ घाला, वडिलांच्या जागी आजी घाला. काही बिघडलं? नाही ना? म्हणजे हा मजकूर या पुस्तकाचा नाहीच, कुठल्याही पुस्तकाला चालेल असा आहे. 'समर्थपणे', 'ओघवती', 'अंतर्मुख' हे शब्द वाईट नाहीत, पण ते निकाल आहेत. पुरावा वाचकापुढे आलाच नाही, मग त्यानं निकाल का मानावा?

आता एक सांगा. या कादंबरीबद्दल मैत्रिणीला फोन केला होतात का? तिला सगळ्यात आधी काय सांगितलंत?

शब्दवेल्हाळ:

हो की! तिला आधी ती यादी सांगितली. मध्ये एक प्रकरण आहे, त्यात मोठी बहीण वडिलांच्या कपाटातल्या वस्तू लिहून काढते. नुसती यादी, दोन-अडीच पानं. चष्म्याची रिकामी पेटी, किल्ल्यांचा जुडगा पण कुलूप एकही नाही, विम्याचे कागद, सुई-दोऱ्याचा डबा, असं काहीबाही. मी वैतागून पानं उलटणारच होते. पुढे धाकटीच्या प्रकरणात तीच यादी पुन्हा येते आणि तिच्यात सुई-दोऱ्याचा डबा नाही. त्याबद्दल शेवटपर्यंत कुणी चकार शब्द काढत नाही. डबा आईचा होता हे मात्र आपल्याला फार आधी एका ओळीत कळलेलं असतं. मी मागे जाऊन दोन्ही याद्या बोट ठेवून ताडून पाहिल्या.

चष्मेबहाद्दर:

झालं की तुमचं लिहून! इथूनच सुरुवात करा. लेखिकेचा जन्म, पुरस्कार, आधीची पुस्तकं हे सगळं नंतर येऊ दे, किंवा येऊच नये. कपाटातल्या यादीनं सुरुवात झाली की 'नात्यांमधील ताणतणाव समर्थपणे रेखाटले' हे वाक्य लिहायची गरजच उरत नाही, ते दिसतं.

आणि तुम्हाला कंटाळा आला होता, पानं उलटणार होतात, तेही लिहा. ते लपवू नका. लेखिकेनं तुम्हाला मुद्दाम कंटाळू दिलं, कारण कंटाळलेला वाचक डबा विसरतो. हे तुमच्या लक्षात कसं आलं ते सांगणं म्हणजेच परीक्षण. बाकी सगळी माहिती मलपृष्ठावर छापलेली असतेच.

माझी स्वतःची सवय सांगतो. वाचताना पेन्सिल हातात असते, पण 'छान', 'सुंदर' असं कधी लिहीत नाही. आठवड्यानं त्या 'सुंदर'कडे बघून काय सुंदर होतं ते आठवत नाही. त्या क्षणी मी काय केलं ते लिहितो: 'इथे मागे जाऊन पाहिलं', 'हा माणूस खोटं बोलतोय वाटतं', 'दोन पानं गाळली'. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर चिठ्ठीवर, पान क्रमांकासकट. लिहायला बसल्यावर यातल्या दोन-तीन नोंदी पुरतात. सगळ्या वापरायचा मोह मात्र टाळावा लागतो.

मधली_ओळ:

थांबा, थांबा! डबा सांगून टाकला तर वाचकाला उरलं काय? शब्दवेल्हाळ, तुम्हाला स्वतः ताडून पाहण्यात जी मजा आली ती तुम्ही पुढच्याच्या हातून काढून घेताय. मी तर वरची चर्चा वाचूनच हळहळले. आता मला ती कादंबरी मिळाली तरी मी यादी वाचताना डबाच शोधणार.

चष्मेबहाद्दर:

मान्य. इथे चर्चेत आलं ते ठीक, लेखात नको. 'दोन बहिणी एकाच कपाटाची यादी करतात आणि त्या याद्या जुळत नाहीत' एवढ्यावर थांबायचं. काय गाळलंय ते सांगायचं नाही. खरं तर हे जास्त ओढून घेणारं आहे.

आडवळणी:

या 'रहस्य फोडू नका'चा फार बाऊ होतो असं माझं मत. खून कुणी केला हे रहस्यकथेत सांगू नये, इतपत ठीक. पण ज्या कादंबरीत गोष्ट कळल्यावर काहीच उरत नाही, तिच्यावर लिहायचं तरी काय? शेवटाबद्दल बोलल्याशिवाय काही पुस्तकांवर धड बोलताच येत नाही. अशा वेळी मी सरळ एक ओळ टाकतो, 'इथून पुढे शेवटाची चर्चा आहे', आणि मग मोकळेपणानं लिहितो. ज्याला नको तो थांबेल.

आणि हा नियम ललितेतर पुस्तकांना लावू नका. इतिहास, विज्ञान, अर्थकारण यांवरच्या पुस्तकात लेखकाचं म्हणणं काय आहे ते पूर्ण सांगावंच लागतं. तिथे झाकून ठेवण्यासारखं काही नसतं. उलट प्रश्न असा असतो की म्हणणं कशाच्या आधारावर आहे, विरुद्ध बाजू दिली आहे का, सूची-संदर्भ आहेत का.

शब्दवेल्हाळ:

मधली_ओळ, माफ करा, उत्साहाच्या भरात बोलून गेले. :(

सुरुवातीचं समजलं. आता न आवडलेल्याबद्दल. याच कादंबरीत मला खटकलं ते असं: प्रकरणं आळीपाळीनं दोघींच्या तोंडून आहेत, पण धाकटी हुबेहूब मोठीसारखीच बोलते. प्रकरणाच्या डोक्यावर नाव नसतं तर कोण बोलतंय ते कळलं नसतं. हे लिहावं की नाही? आवडलेल्या पुस्तकाला नावं ठेवल्यासारखं वाटतं.

जुनाट_वाचक:

अवश्य लिहा. तुमच्या सगळ्या मजकुरात हे सर्वात कामाचं निरीक्षण आहे. फक्त दोघींचं एकेक वाक्य शेजारी-शेजारी ठेवा म्हणजे आरोप वाटणार नाही. वाचक म्हणेल, अरे हो, किंवा म्हणेल, मला तर फरक दिसतो. दोन्हीत तुमचं काम झालं.

जर्मन साहित्यिक गटेनं १८२१ मध्ये एका नाटकावर लिहिताना टीकेसाठी तीन प्रश्न मांडले होते: लेखकाला काय करायचं होतं, ते करण्याजोगं होतं का, आणि ते त्याला कितपत साधलं. दोनशे वर्षं झाली, अजून यापेक्षा सोपं माप मला सापडलेलं नाही. तुमच्याच बाबतीत लावून बघा. लेखिकेला दोन वेगळी मनं दाखवायची होती, ते करण्याजोगं होतं, याद्यांमध्ये साधलं, बोलण्यात साधलं नाही. परीक्षणाचा सांगाडा उभा राहिला.

अमेरिकन लेखक जॉन अपडाइकनं १९७५ मध्ये परीक्षणाचे काही नियम लिहिले. त्यातला पहिला याच जातीचा आहे: लेखकानं जे करायला घेतलंच नव्हतं ते केलं नाही म्हणून त्याला दोष देऊ नका. विनोदी कादंबरीत सामाजिक भान नाही म्हणून रडणारे बरेच असतात. पुस्तकातला एखादा सलग उतारा द्या म्हणजे वाचकाला गद्याची चव स्वतः घेता येईल, असंही तो म्हणतो. हा नियम मला सर्वात मोलाचा वाटतो आणि सर्वात कमी पाळला जातो. 'भाषा ओघवती' लिहिण्यापेक्षा चार ओळी उतरवून द्या, ओघ असेल तर दिसेल.

निशाचर:

उतारा द्यायला हरकत नसते का? हक्काबिक्काचं काही?

जुनाट_वाचक:

साहित्यिक हक्कांबद्दलचा जो बर्न करार आहे, त्याचं कलम १० प्रकाशित पुस्तकातून अवतरण घ्यायला मोकळीक देतं. अटी अशा की वापर रास्त हवा, हेतूला लागेल तेवढाच हवा, आणि स्रोताबरोबर लेखकाचं नाव द्यायला हवं. शब्दांचा ठरावीक आकडा त्यात नाही. देशोदेशीच्या कायद्यांत तपशील वेगळे असतात, पण टीका-परीक्षणासाठी मोजक्या ओळी घेणं ही सर्वमान्य गोष्ट आहे. कवितेच्या बाबतीत हात आखडता ठेवा, कारण आठ ओळींची कविता आठही ओळींसकट दिली तर ते अवतरण राहत नाही, अख्खी कविताच होते.

मधली_ओळ:

अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाचं नाव द्याच, कळकळीची विनंती. 'लेखकाची भाषा तरल आहे' असं लोक बिनदिक्कत लिहितात, आणि वाचलेला प्रत्येक शब्द अनुवादकाचा असतो. आवृत्ती कुठली, प्रकाशक कोण, पानं किती, हेही एका ओळीत कुठेतरी टाका. लेखाच्या तोंडाशी नको, शेवटी चालेल. पुस्तक शोधणाऱ्याला त्याचा उपयोग होतो.

आडवळणी:

लांबीचं राहिलं. जॉर्ज ऑरवेलनं १९४६ च्या एका लेखात फार परखड लिहिलंय: बहुतेक पुस्तकांकडे दुर्लक्ष करावं आणि ज्या थोड्यांत काही दम वाटतो त्यांच्यावर ऐसपैस लिहावं, किमान हजार शब्द. एक-दोन ओळींच्या नोंदी त्याला चालायच्या. त्याचा राग होता तो मधल्या सहाशे शब्दांच्या परीक्षणावर. मला इतकं टोकाचं पटत नाही, सहाशेत चांगलं लिहिलेलं पाहिलंय. पण त्यातला अर्धा भाग घेण्यासारखा आहे. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकावर लेख लिहायला जाऊ नका. ज्यावर बोलायला एकच वाक्य आहे त्यावर एकच वाक्य लिहा.

शब्दवेल्हाळ:

सगळ्यांचे आभार. आत्ताच बसून सुरुवात पुन्हा लिहिली, बघा बरं:

"कपाट एकच, ते रिकामं करणाऱ्या बहिणी दोन. मोठीनं केलेली यादी दोन पानांहून लांब आहे आणि ती वाचताना मला कंटाळा आला. धाकटीची यादी आली तेव्हा मी पुन्हा मागे गेले, कारण काहीतरी जुळत नव्हतं. काय, ते या दोघी एकमेकींना विचारत नाहीत आणि लेखिकाही आपल्याला सांगत नाही."

यानंतर दोघींच्या आवाजांबद्दल, दोन वाक्यं शेजारी ठेवून. अजून एक शंका: लेखिका माझ्या दूरच्या ओळखीची आहे. चालेल ना?

मधली_ओळ:

आता मी हे पुस्तक शोधणार. :)

चष्मेबहाद्दर:

उत्तम. 'काहीतरी जुळत नव्हतं' याच्या आधीचं 'कारण' काढून बघा, वाक्य ताठ होईल. ओळखीचं म्हणाल तर, अपडाइकचा त्यावरही नियम आहे: मैत्रीपोटी आवडून घ्यावंच लागेल असं पुस्तक परीक्षणाला घेऊ नये. दूरची ओळख असेल तर ती एका ओळीत सांगून टाका आणि धाकटीच्या आवाजाबद्दलचा मुद्दा अजिबात मऊ करू नका. तो मऊ करावासा वाटला तर मात्र या पुस्तकावर लिहू नका, दुसरं घ्या.