बदली झाली, प्रवेश मिळाला, पण शाळेची बस नाही : तुम्ही मुलांना शाळेत कसं पोचवलंत?

मुक्ता_मुलुंड

आज सकाळी गाडी कांजूरमार्गला थांबली तेव्हा फलाटावरच्या बाकावर एक बाबा मुलाच्या बुटाची नाडी बांधत होते. मूल अर्धवट झोपेत, दप्तर बाबांच्या पाठीवर, बाबांची ऑफिसची बॅग मुलाच्या मांडीवर. गाडी सुटली आणि मला एकदम २०११ आठवलं.

मिरजेहून बढतीवर माझी मुंबईत बदली झाली ती ऐन नोव्हेंबरात. मुलुंडला क्वार्टर मिळालं. सहामाहीनंतर माझ्या मुलाला, ईशानला, दुसरीत प्रवेश द्यायला जवळची एकही शाळा तयार नव्हती, शेवटी विक्रोळीत मिळाला. त्या शाळेची बस भांडुपपर्यंतच यायची. नवरा मिरजेतच, त्याची बदली पुढच्या जूनपर्यंत होणार नव्हती.

मग काय, सकाळची स्लो लोकल. मुलुंडला चढणं सोपं असतं, विक्रोळीला उतरणं अवघड. भांडुपला बायांचा लोंढा आत आला की लहान मूल दिसेनासंच होतं. पण त्या डब्यातल्या बायकांनी चार दिवसांत आम्हाला ओळखायला सुरुवात केली. नाहूर गेलं की कुणीतरी ओरडायचं, "विक्रोळीवाला बाळ पुढे घ्या गं!" आणि ईशान हातोहात दारापाशी. दप्तर मागून यायचं. आम्ही उतरलो की आतून दोन-तीन हात हलायचे. त्यातल्या एकीचंही आडनाव मला कधी कळलं नाही.

शाळेच्या मावशी गेट उघडायच्या आधीच त्याला आत बसवून घ्यायच्या. मी पुढची गाडी पकडून फोर्टला. बँकेच्या शाखेचं शटर वर व्हायला वेळ असायचा, त्या वेळात सीएआयआयबी या बँकेतल्या परीक्षेचा अभ्यास केला. दुपारी साडेबाराला शाळा सुटली की समोरच्या चाळीतल्या एक आजी त्याला घेऊन जायच्या. पाळणाघराची पाटी नव्हती, पण पाच-सहा मुलं असायची. संध्याकाळी विक्रोळीला लोकलमध्ये शिरणं मुलासकट शक्यच नव्हतं, म्हणून एलबीएस रोडने बसने परत. तो माझ्या मांडीवर झोपायचा आणि मी मुलुंड चेकनाका येईपर्यंत जागं राहायची धडपड करायची.

बदलीच्या फॉर्मवर जोडीदाराच्या नोकरीचा रकाना असतो, आईवडिलांच्या आजारपणाचा असतो. मुलाच्या शाळेचा का नसावा, हे मला आजही कळत नाही. घर बदलायला टेम्पो मिळतो, सामान चार दिवसांत लागतं. मूल रोज सकाळी शाळेच्या दारात कसं पोचणार, हे ज्याचं त्याने बघायचं.

तुम्ही कसं केलंत? सविस्तर लिहा, दोन ओळी लिहिल्या तरी चालेल.

सानिकाची_आई

वाचून डोळ्यात पाणी आलं. विक्रोळीवाला बाळ पुढे घ्या. मी आत्ता कुकर लावून लिहितेय, संध्याकाळी सविस्तर लिहिते.

पार्लेश्वर

मुलगा बायकांच्या डब्यात चालतो का पण? आमच्या वेळी एक काकू फार कटकट करायच्या.

मुक्ता_मुलुंड

चालतो. १२ वर्षांच्या आतल्या मुलाला आईबरोबर महिला डब्यातून जायला रेल्वेच्या नियमातच मुभा आहे. आणि पास काढायचा असेल तर शाळेतून सवलतीचा फॉर्म घ्यायचा, विद्यार्थ्यांचा पास बराच स्वस्त पडतो. नव्याने आलेल्यांना हे कुणी सांगत नाही म्हणून लिहिलं.

जेबीनगरची_वृषाली

आमचं २०२२. पुण्याहून जूनमध्ये आलो, घर अंधेरी पूर्वेला जेबी नगरात, शाळा पश्चिमेला आझाद नगरजवळ. घर बघायला आलो त्या दिवशी रिक्षाने गोखले पुलावरून गेलो होतो, वाटलं जवळ तर आहे. शाळेची बस पूर्वेला येत नाही हे प्रवेशाच्या वेळीच सांगितलं होतं, आम्ही म्हटलं रिक्षा लावू. लावली. आणि नोव्हेंबरात पूल बंद झाला!

मग सगळी वाहतूक एक तर अंधेरी सबवेतून, नाहीतर पार्ल्याला किंवा जोगेश्वरीला वळसा घालून. रिक्षावाले काका बिचारे आठवडाभर आले, मग म्हणाले, ताई, एका फेरीत माझी सगळी सकाळ जाते, दुसऱ्या पोरांचं कसं करू? त्यांचंही बरोबरच होतं. मग आम्ही मेट्रो धरली. चकाला ते आझाद नगर, मध्ये फक्त वेस्टर्न एक्सप्रेस हायवे आणि अंधेरी. खाली पूर्व-पश्चिम अडून बसलेलं असायचं आणि आम्ही वरून निघून जायचो. पहिलीतली मुलगी दोन महिन्यांत तिन्ही भाषांतल्या घोषणा पाठ म्हणायला लागली. तिचं हिंदी त्या घोषणेतल्या बाईंमुळे सुधारलं असं तिच्या वर्गशिक्षिकाच म्हणाल्या.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुलाची एक बाजू उघडली, २०२५ च्या मे महिन्यात पूर्ण पूल सुरू झाला. तोपर्यंत तिला मेट्रोची इतकी सवय झाली की रिक्षा नकोच म्हणते.

सातारचा_पोऱ्या

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. माझे बाबा शाळेचे रिक्षावाले काका होते, कांदिवलीत. आम्हीही कामासाठीच आलेलो, साताऱ्याकडून. मी चौथीत होतो. त्यामुळे मी कायम त्यांच्याच रिक्षातून शाळेत, पुढे त्यांच्या बाजूला अर्ध्या सीटवर.

सीटसमोर फळी टाकलेली, त्यावर बारकी पोरं, मागे मोठी, दप्तरं बाहेर हुकाला लटकवलेली, पाण्याच्या बाटल्या एकमेकींवर आपटत. आज ते नियमात बसत नाही आणि बसूही नये, हे मी स्वतः दोन मुलांचा बाप म्हणून बोलतोय. पण बाबांना प्रत्येक पोराचं सगळं ठाऊक असायचं. कुणाच्या घरी आजी दार उघडते, कुणाच्या घरी किल्ली शेजारी ठेवलेली असते, कुणाला उलटी होते, कोणाला पावसात खिडकीकडे बसवायचं नाही. एका मुलीची आई आजारी होती, तिची वेणी उशीर झाला की बाबाच घालायचे. त्यांना तीन मुलींच्या वेण्या घालायची सवय होती, माझ्या बहिणी.

एका गोष्टीचं मात्र अजून वाईट वाटतं. मे महिन्याचे पैसे. शाळा बंद म्हणून पुष्कळ घरं द्यायची नाहीत. पण रिक्षाचा हप्ता मे महिन्यातही असतोच ना. बाबा मेमध्ये रात्रीची भाडी मारायचे. आज तुमच्या मुलाचे व्हॅनवाले काका असतील तर त्यांच्याशी जूनमध्येच याबद्दल नीट बोलून ठेवा.

२०११ मध्ये शालेय बसचे नियम आले, मग त्यांनी एका भागीदाराबरोबर व्हॅन घेतली. पिवळा रंग, खिडक्यांना आडवे गज, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, मुली असतील तर बाई मदतनीस. शाळेत परिवहन समिती असते, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष आणि पालकही असतात. नव्या शाळेत गेलात की आधी विचारा, समितीत पालक कोण आहेत. बसचा मार्ग वाढवून हवा असेल तर अर्ज तिथेच करायचा. एकट्याने केलेल्या अर्जाला उशीर लागतो, एका सोसायटीतल्या आठ-दहा पालकांनी मिळून केला की हलतं.

मुक्ता_मुलुंड

पोऱ्या, बाबांना माझा नमस्कार सांग. वेणीचं वाचून थांबलेच मी.

सातारचा_पोऱ्या

सांगतो ताई. आता गावी असतात, शेती बघतात. गावच्या शाळेतल्या पोरांना अजूनही सोडतात, मोटरसायकलवरून.

आजोबा_लालबाग

मी १९८७ साली रत्नागिरीहून आलो. लालबागला मामांकडे उतरलो होतो. बायकोने पहिल्याच सकाळी विचारलं, रिक्षा कुठे मिळेल? मामी म्हणाल्या, अगो, रिक्षा शीव नि वांद्र्याच्या अलीकडे येतच नाही! तेव्हा टॅक्सी परवडायची नाही. मुलं दादरच्या शाळेत, बेस्टच्या डबलडेकरने. वरच्या मजल्यावरची पुढची जागा मिळवायला दोघं घरून धावत निघत, त्यामुळे उठवायचा त्रास कधी झाला नाही. कंडक्टर ओळखीचे झाले होते. मुलं उतरल्याशिवाय घंटी मारत नसत. २०२३ च्या सप्टेंबरात जुन्या डबलडेकर बंद झाल्या तेव्हा थोरला पुण्याहून मुद्दाम आला होता, वरच्या पुढच्या जागेवर बसायला.

लिहायचे बरेच आहे, डोळ्यांना त्रास होतो.

सानिकाची_आई

आले. कुकर झाला, पोळ्या झाल्या, सानिका क्लासला गेलीय.

मी नर्स आहे. लातूरहून आले, नवरा सुरुवातीला दुबईला. रात्रपाळी सकाळी आठला संपते, सानिकाची शाळा सातला भरते. म्हणजे मी वॉर्डात हँडओव्हर द्यायच्या तयारीत आणि लेक एकटी घरात उठणार? मजल्यावर नवीन, कुणाला ओळखत नव्हते. समोरच्या दारातल्या भाभी, गुजराती, त्यांनी स्वतः येऊन विचारलं की रात्री मुलगी कुठे असते. त्या दिवसापासून सानिका रात्रपाळीला त्यांच्याकडे झोपायची, त्यांच्या जयबरोबर शाळेत जायची, त्यांचे मिस्टर सोडायचे. बदल्यात दुपारी मी शाळेवर जायची आणि मजल्यावरची चारही मुलं घेऊन यायची, दोन माझ्या हाताला, दोन त्यांच्या हाताला. रात्रभर जागलेली असायचे, उन्हात चालताना डोकं भणभणायचं. पण त्या चौघांची बडबड ऐकत घरी यायचं आणि मग झोपायचं, हे मला आवडायचं. सानिका आठवीत आहे आता आणि गुजराती फाडफाड बोलते.

जय या वर्षी दहावीला आहे, त्याच्यासाठी प्रार्थना करा सगळे.

पार्लेश्वर

जयला शुभेच्छा!

वऱ्हाडी_बाप

आम्ही अमरावतीहून २००५ च्या मे महिन्यात. नोकरी नरिमन पॉइंटला, घर आणि शाळा गोरेगावला. मुंबईचा पहिलाच पावसाळा आणि त्यात २६ जुलै. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. लोकल बंद, फोन लागेना. बायको माहेरी, दुसऱ्या बाळंतपणाला. मुलगी पाचवीत.

मी दुपारीच चालायला लागलो. लोकांनी रस्त्यात पाणी दिलं, बिस्किटं दिली, दादरला एका घरात थोडा वेळ बसवून घेतलं. सकाळी शाळेत पोचलो तर बाईंनी सगळ्या मुलांना पहिल्या मजल्यावर ठेवलेलं, रात्री खिचडी करून घातलेली, सतरंज्यांवर झोपवलेलं. त्यातल्या दोन बाईंची स्वतःची मुलं दुसरीकडे अडकली होती. तरी त्या हलल्या नाहीत.

त्यानंतर आम्ही घर बदललं. भाडं जास्त, खोली लहान, पण शाळेपासून चालत. मला कुणी मुंबईत येताना विचारलं की एवढंच सांगतो. ऑफिसचा प्रवास मोठ्या माणसाने करावा, लेकराने करू नये.

निशिगंधा_क

वऱ्हाडी दादा, अंगावर काटा आला.

विषय थोडा वेगळा, पण ते चौथीपर्यंतच्या शाळा नऊनंतर भरवायच्या म्हणून २०२४ च्या फेब्रुवारीत जीआर आला होता ना? मुलांची झोप होते हे मान्य. पण आमच्यासारख्या दोघं नोकरी करणाऱ्यांनी नऊला शाळेत सोडून ऑफिस कसं गाठायचं? सातची शाळा होती तेव्हा सोडून निघता यायचं. बसवालेही म्हणत होते नऊला रस्ते तुंबलेले असतात.

जेबीनगरची_वृषाली

मला नऊच बरी वाटते. सहाला उठून डबा, त्यात मूल दूधसुद्धा पीत नाही.

निशिगंधा_क

डब्याचं काय करता सगळे? रोज पोळीभाजी परत येते.

सानिकाची_आई

पोळीचा रोल कर, आत बटाटा भाजी नि थोडं चीज. परत आला तर सांग.

औरंगपुऱ्याचा_अमित

मी बरेच दिवस फक्त वाचतोय. आता लिहावं लागतंय, कारण जूनमध्ये आम्ही छत्रपती संभाजीनगरहून येतोय. ऑफिस बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुल), मुलगा पहिलीत जाणार. बायकोलाही नोकरी बघायची आहे. आधी घर बघू की आधी शाळा? एका एजंटने कुर्ला पश्चिम सुचवलंय, मित्र म्हणतो ठाण्याला ये, मोठं घर मिळेल.

वऱ्हाडी_बाप

शाळा. मग तिच्याभोवती घर.

मुक्ता_मुलुंड

अमित, मीही हेच म्हणेन. शाळेत गेलात की पहिला प्रश्न बसचा शेवटचा थांबा कुठला, आणि तो लेखी घ्या. दुसरा प्रश्न दुपारी मूल कोण घेणार. सकाळचं कसंही जमतं, दोघांपैकी एक सोडतंच. अडतं ते दुपारी साडेबाराला. शाळेच्या आसपास पाळणाघर आहे का ते घर ठरवायच्या आधी पायी फिरून बघा, शाळा सुटायच्या वेळेला. गेटवर उभ्या असलेल्या आज्यांशी बोला, सगळी माहिती तिथे मिळते.

जेबीनगरची_वृषाली

मरोळ बघा ना. मेट्रो ३ मरोळ नाक्यावरून थेट बीकेसीला जाते, २०२४ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. आमची मेट्रो १ पण तिथेच भेटते. शाळा चालत मिळाली तर तुम्ही आरामात मेट्रोने जाल.

औरंगपुऱ्याचा_अमित

मरोळ डोक्यातच नव्हतं. धन्यवाद. पुढच्या शनिवारी येतोय शाळा बघायला, बायको नि मुलगा पण.

सातारचा_पोऱ्या

अमितभाऊ, मरोळकडे बाबांच्या ओळखीचे एक व्हॅनवाले आहेत, परवाना वगैरे सगळं व्यवस्थित. बाबांना विचारून नंबर व्यनि (खाजगी निरोप) करतो. पण जागा एप्रिलमध्येच भरतात त्यांच्या, शनिवारी आलात की त्यांनाही भेटून घ्या.

जेबीनगरची_वृषाली

आणि दुपारी आमच्याकडे जेवायला या, स्टेशनपासून जवळच आहे. तिखट चालतं ना मुलाला?