मदत हवी आहे: जवारीच्या वावरात भारीट धरायला जाळं लावतात, काय करावं?

राम राम मंडळी. कारंज्याच्या (जि. वाशीम) बाजूला आमचं वावर आहे. यंदा दोन एकर जवारी, बाकी हरभरा. आधी आमच्या शिवारात धुऱ्याला धुरा लागून जवारी असायची, आता सगळीकडं सोयाबीन न् तूर. त्यामुळं पाखरं सगळी माझ्याकडंच. भोरड्या, चंडोल, अन् ते पिवळ्या पोटाचं, काळ्या डोक्याचं भारीट. गोफण अन् पत्र्याचा डबा एवढ्यावर मी भागवतो. खातात थोडं, खाऊ दे.

मागच्या आठवड्यात पहाटे पाणी द्यायला गेलो तर शेजारच्या धुऱ्यावर दोन बांबू रोवलेले, मधात काहीच नाही. जवळ गेलो तेव्हा दिसलं, केसासारख्या बारीक नायलॉनचं जाळं. चौदा भारीट अडकलेले, त्यातलं एक जितं. ब्लेडनं एकेक दोरा कापेस्तोवर ते बोटाला चावत होतं. जवारीचा दाणा फोडायची चोच ती, चांगलीच लागते. सोडलं तर उडालं नाही, सरीच्या कडेला बसून राहिलं. परत आलो तेव्हा नव्हतं. उडालं की मुंगसानं नेलं, देव जाणे.

जाळं लावणारा गावातलाच पोट्टा, बारावी करून घरी बसलेला. एका ढाब्यावर ही पाखरं तळून दारूसोबत विकतात. (लगेच पारध्यांचं नाव घेऊ नका. असलं काही दिसलं की गाव आधी त्यांच्या बेड्याकडं, म्हणजे वस्तीकडं, बोट दाखवतं. हे आमच्याच आळीतलं काम आहे.) त्याला बोललो तर म्हणे, "काका, हजारानं येतात. शंभर धरले त काय फरक पडते? तुमचीच जवारी वाचते." खरं सांगतो, उत्तर सुचलं नाही.

त्याला काय सांगू? पाखरं कमी झाली ती जाळ्यानं, की जवारी गेली म्हणून, की फवारणीनं? अन् तक्रार केली तर पोट्ट्यावर केस होईल. त्याचा बाप माझ्यासंगं शाळेत होता. जाळं निघावं अन् पोट्टाही वाचावा, असं जमते का?

माळटिटवी: भाऊ, जवारी तुमची एकट्याची, म्हणून आजूबाजूच्या शिवारांतली पाखरं तुमच्याकडं गोळा होतात. थवा मोठा दिसतो, पण पाखरं वाढलेली नसतात. अशा जागी जाळं लावलं तर ते रोज भरतं, अन् पाखरू संपत चाललंय हे धरणाऱ्याला कळतच नाही.

दुसरं म्हणजे महिना पाहा. भारीट हिवाळ्यापुरतं इकडं असतं. मार्च-एप्रिलात ते परत निघतं अन् पश्चिम आशियात, आग्नेय युरोपात घरटं करतं. साधारण चार-पाच अंडी. पिलांपैकी बरीच पहिल्याच वर्षात मरतात. फेब्रुवारीपर्यंत टिकलेलं पाखरू म्हणजे बियाण्याला राखून ठेवलेलं कणीस. तेच भाजून खाल्लं तर पुढं पेरायचं काय, एवढं त्या पोट्ट्याला विचारा. शेतकऱ्याच्या घरचा आहे, समजेल.

जवारी गेली, फवारण्या वाढल्या, हेही खरंच आहे. जाळं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. ह्याच भारीटाचा भाऊबंद, पिवळ्या छातीचा भारीट, एकेकाळी फिनलंडपासून जपानपर्यंत वीण करायचा. चीनमधून जाताना लोकांनी जाळ्यात धरून खाल्ला. 1997 ला तिथं बंदी आली, तरी चोरून धंदा चालूच राहिला. 1980 ते 2013 एवढ्या काळात त्याची संख्या 84 ते 95 टक्क्यांनी घटली, अन् 2017 ला अतिसंकटग्रस्त म्हणून नोंद झाली. तोही हजारानंच यायचा.

काळी माती: 1972 चा वन्यजीव कायदा जंगलापुरता नाही, वावरालाही लागू आहे. जाळं लावणं, आमिष टाकणं हीसुद्धा शिकारच. 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वनविभागाचा फुकट नंबर 1926. पण मी तुमच्या जागी असतो तर आधी ढाब्याचं कळवलं असतं. गिऱ्हाईक तुटलं की जाळं कोण लावतो?

माळटिटवी: ह्याला दुजोरा. केस न करताही जमतं. नागालँडच्या पांगती भागात 2012 ला अमूर ससाणे हजारोंनी जाळ्यात धरले जायचे. गावकऱ्यांनीच मनावर घेतलं अन् पुढच्या वर्षी जाळी लागली नाहीत. आता तिथं लोक ते ससाणे पाहायला जातात. जवारीसाठी चमकीच्या फिती बांधा, कणसं दुधात असताना सकाळ-संध्याकाळ राखण ठेवा. तेवढंच पुरतं असं म्हणत नाही, पण नुकसान कमी होतं.

धागाकर्ता: लय उपकार. काल पोट्ट्याला घरी चहाला बोलावलं अन् बियाण्याच्या कणसाचं सांगितलं. हसला. मग विचारतो, "काका, हे खरंच युरोपातून येते?" मोबाइलवर नकाशा दाखवला तर बराच वेळ बोट फिरवत बसला. राखणीचे रोज दोनशे देतो म्हटलं, हो म्हणाला. ढाब्याचं मी 1926 वर कळवतोच, त्यात भीड नाही.

बांबू मात्र अजून धुऱ्यावर उभे आहेत. मी उपटू, की त्यालाच उपटू देऊ?

काळी माती: त्याच्याच हातानं. पण आजच, उद्या पहाटेच्या आत.