पावडरचा इन्हेलर दमट हवेत कसा जपावा? मदत हवी आहे

आईला दम्यासाठी एलिप्टा प्रकारचा कोरड्या पावडरचा इन्हेलर सुरू झालाय. इन्हेलरचा सीलबंद ट्रे उघडल्यापासून ६ आठवड्यांनी तो टाकून द्यायचा, इन्हेलरवरच्या डोस मोजणाऱ्या काउंटरवर डोस शिल्लक असले तरी. पाकिटावरची एक्स्पायरी न उघडलेल्या इन्हेलरची, एवढं कळलं. ओल लागली की पावडरच्या गुठळ्या होतात आणि औषध फुप्फुसात नीट पोचत नाही, म्हणून बाथरूममध्ये ठेवत नाही, तोंडाकडचा भाग कोरड्या कापडानेच पुसतो.

पण आमच्याकडे हवाच फार दमट आहे. हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी घालून ठेवला तर चालेल का? कोणी असं करतं का? प्रवासात उन्हात तापलेल्या गाडीत राहिलेला इन्हेलर पुन्हा वापरावा की बदलावा? फार्मासिस्ट किंवा अनुभवी मंडळींनी कृपया सांगा. तिचा श्वास या औषधावर आहे, त्यामुळे अंदाजाने काही करायचं नाही.