तातडीने मदत हवी: पोषण ट्रॅकरमध्ये पोराची उंची घटली!

खडकमाळ: आई अंगणवाडी सेविका आहे, तिच्यासाठी विचारतोय. या महिन्यात पोषण ट्रॅकरमध्ये (अंगणवाडीचं सरकारी ॲप) उंची भरली तर चार-पाच पोरं एकदम 'खुजी' (वयाच्या मानाने उंचीला कमी) दाखवतंय. एकाची तर गेल्या महिन्यापेक्षा ५ सेंमी कमी! पोर आखडतं का? उद्या मुख्यसेविका येणार आहेत. एंट्री कशी दुरुस्त करायची, पटकन सांगा.

गोदाकाठ: कॅशे क्लिअर करा. आमच्या वहिनीचं तेवढ्यानेच झालं.

पाटीपेन्सिल: कॅशेचा काय संबंध? आकडा आईंनीच टाकलाय ना? पोराचं वय किती? झोपवून मोजलं की उभं करून?

आप्पा६२: १९७५ पासून रजिस्टरवर सुरळीत चाललं होतं. २०२१ ला हे ॲप आलं न् बाया पोरं सोडून मोबाईल सांभाळायला लागल्या.

पाटीपेन्सिल: आप्पा, रजिस्टरात सगळं आलबेल होतं, तर एनएफएचएस-५ मध्ये (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी) राज्यातली ३५ टक्के पोरं खुजी कुठून निघाली?

नाचणीवाली: नाचणी मोड आणून सत्त्व करा, गूळ-तूप घालून रोज वाटीभर.

खडकमाळ: मुलगा २५ महिन्यांचा. आधी झोपवून ८४, आता उभं करून ७९.

पाटीपेन्सिल: दोन वर्षांपर्यंत झोपवूनच मोजतात, पुढे उभं. पण त्यात फरक पडतो ०.७ सेंमीचा. पाच कसा? स्टॅडिओमीटर (उंची मोजायचं उपकरण) आहे की टेप?

सुमनआजी: नातू दोन वर्षांचा झाला, 'आई' नि 'पाणी' एवढंच बोलतो. ॲपमध्ये कळेल का?

पाटीपेन्सिल: आजी, ॲपच्या नादी लागू नका, डॉक्टरांना दाखवा, कानही तपासून घ्या. आरबीएसकेचं (सरकारी बाल आरोग्य तपासणीचं) पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, पण त्याची वाट बघू नका.

खडकमाळ: स्टॅडिओमीटर मोडलाय. भिंतीवर टेप आहे. मागच्या आठवड्यात रंग दिला तेव्हा काढून परत चिकटवली. खाली ओल धरते म्हणून मदतनीसबाईंनी तीन बोटं वर लावली म्हणे.

पाटीपेन्सिल: झालं! शून्य जमिनीला टेकलंच नाही. आणि नुसतं खुजेपणाचं नाही हो. उंची कमी भरली की उंचीच्या मानाने वजन बरं दिसतं, सॅममधलं (तीव्र कुपोषित) पोर त्यात झाकलं जातं. उभी मोजलेली सगळी परत मोजा. दंडघेरही घ्या, ११.५ सेंमीच्या खाली असेल तर थांबू नका.

खडकमाळ: उभी मोजलेली एकतीस पोरं आहेत! आणि एंट्री खोडता येते का, ते कुणीच सांगितलं नाही.

गोदाकाठ: कॅशे क्लिअर केलं का?