फायब्रॉइडच्या गाठींसाठी पिशवी (गर्भाशय) काढायची की नको? मदत हवी आहे

नमस्कार मैत्रिणींनो. वय 43, राहते मुलुंडला, नोकरी फोर्टला. गेलं वर्षभर पाळीचे पहिले तीन दिवस म्हणजे शिक्षाच. दर दीड तासाला पॅड बदलायचं, आणि लोकलमध्ये ते बदलणार कुठे? परवा भायखळ्याच्या अलीकडे गाडी पंचवीस मिनिटं अडकली, तेव्हा ओढणी कमरेला गुंडाळून उभी राहिले. आता बॅगेत काळी सलवार कायम असते.

सोनोग्राफीत दोन गाठी. 6 सेंटिमीटरची गर्भाशयाच्या भिंतीत, दुसरी लहान, पण आत पोकळीत डोकावणारी. हिमोग्लोबिन 8.1. लोहाच्या गोळ्या आणि पाळीत रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्सामिक ॲसिड चालू आहे, थोडा फरक पडतो.

पहिल्या डॉक्टर म्हणाल्या, "मुलं झालीत ना, मग पिशवी काढून टाका." पाच मिनिटांत विषय संपला. दुसऱ्यांनी नीट बसवून सांगितलं: नुसत्या गाठी काढता येतात, पण पुन्हा होऊ शकतात. किंवा एम्बोलायझेशन, म्हणजे बारीक नळी घालून गाठींचा रक्तपुरवठा बंद करतात आणि त्या आक्रसतात. पाळी गेली की बहुतेक वेळा गाठी आटतात म्हणे, पण माझ्या आईची बावन्नाव्या वर्षी गेली! तोवर थांबू?

मुंबईत कुणी एम्बोलायझेशन करून घेतलंय का? दुखणं किती दिवस होतं, लोकल कधी सुरू केलीत? मेडिक्लेम मिळाला? आणि पिशवी काढलेल्यांनो, अंडाशय ठेवले होते का?

काढ्यांचे सल्ले नकोत प्लीज, ते मामींकडून रोज येतात.